मिडलवेअरसाठी रिलेशनल डेटाबेसची उभारणी : ‘नायगाव’ या स्थलनामाच्या संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयातील प्रवेश, शुल्क, ग्रंथालय व परीक्षा हे विभाग बहुधा वेगवेगळ्या संगणक प्रणाली वापरतात. या प्रणाली आणि डेटाबेस यांच्या दरम्यान राहून माहितीची देवाणघेवाण घडवणाऱ्या सॉफ्टवेअरला मिडलवेअर म्हणतात. मूळ रचना सदोष असेल, तर तोच दोष मिडलवेअरमार्फत सर्व विभागांत पसरतो. त्यामुळे एखाद्या विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्जही अडकू शकतो. म्हणून मिडलवेअर जोडण्यापूर्वी डेटाबेसची सिद्धता आवश्यक ठरते.

कोष्टकांची रचना

ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल प्रतिमानात माहिती कोष्टकांत ठेवली जाते व प्रत्येक ओळ प्रायमरी कीने ओळखली जाते. गावाचे नाव ही अशी की होऊ शकत नाही. वसई तालुक्यात नायगाव आहे. सातारा जिल्ह्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव आहे. नांदेड जिल्ह्यात नायगाव नावाचा तालुका आहे आणि मुंबईत दादरलगतही नायगाव आहे. सबब प्रत्येक स्थळास स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि विद्यार्थ्याच्या नोंदीत फॉरेन की म्हणून केवळ तो क्रमांक ठेवावा.

जिल्ह्याचे नावही विद्यार्थ्याच्या ओळीत लिहू नये. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि तोवर ठाणे जिल्ह्यात असलेले वसईतील नायगाव पालघर जिल्ह्यात गेले. स्थळ व जिल्हा यांचा संबंध लागू-दिनांकासह स्वतंत्र कोष्टकात असल्यास एकच ओळ वाढवावी लागते आणि २०१२ मधील नोंदीचा जिल्हा ठाणे हाच राहतो.

लिपी व संकेतन

यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. ‘नायगाव’ या शब्दात ६ चिन्हे, म्हणजे १८ बाइट आहेत. स्तंभाची मर्यादा बाइटमध्ये मोजली जात असेल, तर १५ बाइटच्या स्तंभात हे नाव मावणार नाही. डेटाबेस, मिडलवेअर आणि त्यांतील जोडणी या तिन्ही ठिकाणी संकेतन एकच असावे. तसेच ‘नायगांव’ हे जुने लेखन संगणकाच्या दृष्टीने वेगळे नाव ठरते; त्यासाठी पर्यायी नावांचे कोष्टक ठेवावे.

जोडणी व अधिकार

मिडलवेअरसाठी डेटाबेसमध्ये स्वतंत्र खाते उघडावे. त्यास नोंदी वाचण्याचे, घालण्याचे व आवश्यक तेथे बदलण्याचे अधिकार द्यावेत. कोष्टके पुसण्याचा अधिकार देऊ नये. ओडीबीसी वा जेडीबीसी चालकाद्वारे जोडणी करताना जोडण्यांचा सामायिक संच वापरावा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये एकाच वेळी होणाऱ्या जोडण्यांची मूळ मर्यादा १०० असते. सर्व संचांची बेरीज तिच्या आत न राहिल्यास प्रवेशाच्या ऐन गर्दीत नव्या जोडण्या नाकारल्या जातात.

व्यवहाराची अखंडता

शुल्काची पावती आणि प्रवेशाची नोंद या दोन्ही गोष्टी एकाच व्यवहारात पूर्ण व्हाव्यात, अन्यथा दोन्ही रद्द व्हाव्यात. संपर्क तुटल्यास मिडलवेअर तोच संदेश पुन्हा पाठवू शकते. प्रत्येक संदेशाचा क्रमांक त्याच व्यवहारात नोंदवून तो अद्वितीय असण्याचे बंधन घातल्यास दुसरी पावती तयार होत नाही.

निष्कर्ष

डेटाबेसची उभारणी केवळ सॉफ्टवेअर बसवल्याने पूर्ण होत नाही. ओळख, कालसंदर्भ, लिपी, अधिकार आणि व्यवहार यांचे नियम आधी निश्चित करणे अगत्याचे आहे. या निर्णयांत तंत्रज्ञाइतकाच नोंदींचा अर्थ जाणणाऱ्या प्राध्यापकांचा व कार्यालयीन कर्मचाऱ्यांचा सहभाग असावा.