पाण्याच्या गाळणीवर वाढणारी बुळबुळ

पुणे शहरात वापरून झालेले पाणी शहराच्या हद्दीत संपत नाही. त्याचा पुढचा प्रवास मुख्यतः हवेली आणि दौंड तालुक्यांतून होतो. मुळा-मुठा नदी हे पाणी घेऊन रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते, तर मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेले सांडपाणी जुन्या बेबी कालव्यातून याच दिशेच्या शेतांकडे सोडले जाते. खडकवासला प्रकल्पातून शहर जे वाढीव पाणी घेते, त्याच्या बदल्यात दरवर्षी साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेले पाणी शेतीला द्यावे, हा या योजनेमागचा करार आहे. पुणे-सोलापूर महामार्गावरील वरवंड हे गाव याच पाणीव्यवस्थेत मोडते आणि तेथील व्हिक्टोरिया तलावही खडकवासल्याच्या कालव्यावर भरतो. धरणाचे पाणी शहराने प्यायचे आणि शहराचे वापरलेले पाणी शेतीने घ्यायचे, अशी ही वाटणी असल्यामुळे ते पाणी कितपत स्वच्छ होऊन येते, हा या पट्ट्यात ऊस, भाजीपाला आणि पिण्याचे पाणी या तिन्हींशी जोडलेला प्रश्न आहे.

सांडपाणी स्वच्छ करण्याचे मुख्य काम यंत्रे करीत नाहीत, जिवाणू करतात. १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी दाखवून दिले की, मैलापाण्यात हवा सोडत राहिल्यास त्यात जिवाणूंचा तपकिरी गाळ तयार होतो आणि तोच गाळ पुन्हा नव्या मैलापाण्यात मिसळला तर पाण्यातील सेंद्रिय घाण तो कितीतरी वेगाने खाऊन टाकतो. ‘सक्रिय गाळ पद्धत’ या नावाने ओळखली जाणारी ही रीत आजही जगभरच्या शुद्धीकरण केंद्रांचा कणा आहे. तिच्यातील अडचण शेवटच्या पायरीवर येते. कारण घाण खाऊन झाल्यावर जिवाणूंचा गाळ तळाशी बसावा आणि वरचे निवळ पाणी बाहेर जावे, एवढ्यावरच ती अवलंबून असते, आणि दोऱ्यासारखे लांब वाढणारे जिवाणू बळावले की गाळ हलका होऊन बसेनासा होतो व पाण्याबरोबर वाहून जातो.

या अडचणीवर काढलेला उपाय म्हणजे पटल, अर्थात अतिसूक्ष्म छिद्रांचा बहुवारिकाचा पातळ पडदा. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सत्तर पट, धरली तर बहुतेक जिवाणू अर्धा ते पाच मायक्रॉनांचे असतात आणि अतिगाळणाच्या पटलांची छिद्रे ०.१ ते ०.०१ मायक्रॉनांची असतात. त्यामुळे जिवाणू अलीकडे अडतात आणि पाणी पलीकडे जाते. याहून पुढची पायरी ‘आरओ’ या नावाने घरोघरी पोहोचलेल्या पटलांची असून त्यांतून विरघळलेले क्षारही अडवले जातात. १९८९ साली जपानमध्ये काझुओ यामामोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोकळ तंतूंची पटले थेट हवा सोडलेल्या गाळाच्या टाकीतच बुडवली आणि हलक्या ओढीने पाणी बाहेर काढले. ‘पटल-जैवभट्टी’ असे जिला म्हणता येईल त्या या पद्धतीत गाळ बसण्याची वाट पाहावी लागत नाही. एका लिटर पाण्यात आठ ते बारा ग्रॅमपर्यंत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या कितीतरी पट गाळ ठेवता येतो आणि जागाही कमी लागते.

परंतु जे जिवाणू पाणी स्वच्छ करतात, तेच पटलाच्या पृष्ठभागावर वस्ती करून त्याची छिद्रे बुजवतात, आणि या पद्धतीचा सारा खर्च व सारी काळजी याच एका गोष्टीभोवती फिरते. दौंड तालुक्यातील शेतकऱ्याला ही घटना परकी नाही. कालव्याच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर ठिबक चालवले की काही महिन्यांत नळ्यांच्या आतून बुळबुळीत थर धरतो, तोट्या बंद पडू लागतात, आणि मग नळ्यांची टोके उघडून पाणी सोडावे लागते, क्षार विरघळण्यासाठी आम्ल आणि बुळबुळ मारण्यासाठी क्लोरीन द्यावे लागते. पटलावर घडते तेही हेच. फरक इतकाच की तोटीचा मार्ग मिलिमीटरच्या मापाचा असतो आणि पटलाचे छिद्र त्याच्या हजारो पटींनी लहान.

ही बुळबुळ म्हणजे साचलेली माती नव्हे. ती बांधलेली वस्ती असते. पटल पाण्यात गेल्यावर काही मिनिटांतच पाण्यातील प्रथिने आणि शर्करांचे रेणू त्याच्यावर अत्यंत पातळ अस्तर धरतात, त्या अस्तरावर वाहत आलेले जिवाणू टेकतात, काही निसटतात आणि काही घट्ट चिकटतात. चिकटलेले जिवाणू वाढताना स्वतःभोवती बहुशर्करा, प्रथिने आणि पेशीबाहेर पडलेले डीएनए यांचा डिंकासारखा पदार्थ स्रवतात आणि त्यातून ‘जैवपटल’ उभे राहते. या थराचा बराचसा भाग पाणीच असले तरी पाण्याला वाट देण्याच्या बाबतीत तो चिवट असतो. शिवाय त्याच्या आतल्या पेशींपर्यंत औषध पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही, त्यामुळे मोकळ्या पाण्यात जो जिवाणू सहज मरतो तोच या थरात तग धरतो. वस्ती दाट झाली की जिवाणू विशिष्ट रासायनिक संकेत सोडून एकमेकांची संख्या ओळखतात आणि ठरावीक दाटीनंतर सर्व मिळून डिंक वाढवू लागतात. या परस्परसंवादाला ‘गणसंख्या-संवेदन’ असे म्हणता येईल.

पटलाची रचनाच या वस्तीला पोषक ठरते, कारण पाणी सतत त्याच्याकडे ओढले जात असल्याने जिवाणूही तेथेच येतात आणि त्यांचे अन्नही तेथेच येते. केंद्र चालवणाऱ्याला या घटनेची चाहूल दाबमापकावर लागते: तेवढेच पाणी काढण्यासाठी पटलाच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक दिवसेंदिवस थोडाथोडा वाढत जातो आणि मग एका टप्प्यावर एकदम उसळी घेतो. या उसळीचे कारण असे की, काही भाग बुजला की उरलेल्या उघड्या भागातून पाणी अधिक जोराने ओढले जाते आणि त्या जोरानेच तो भागही झपाट्याने बुजतो. म्हणूनच पटलाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून तासाला किती लिटर पाणी काढायचे याला मर्यादा घालावी लागते. बुडवलेल्या पटलांसाठी हा आकडा साधारण १५ ते २५ लिटर ठेवला जातो. या मर्यादेच्या आत राहिल्यास थर सावकाश धरतो, तिच्यापलीकडे गेल्यास काही दिवसांत मिळवलेले पाणी पुढच्या अनेक दिवसांच्या सफाईत आणि विजेत परत द्यावे लागते.

सर्व जिवाणू मारून टाकणे हा उपाय वरकरणी सरळ वाटतो, पण तो टिकत नाही. आरओ पटलाकडे जाणाऱ्या पाण्यातील हजारातले ९९९ जिवाणू मारले तरी उरलेला एक चिकटतो, आणि तो दर तीन तासांनी दुप्पट होत गेला तर अडीच दिवसांत त्याचे दहा लाखांहून अधिक होतात. शिवाय मेलेल्या जिवाणूंचे अवशेष जिवंतांचे अन्न बनतात. दुसरी अडचण अशी की आरओची पटले ज्या पॉलिअमाइडची बनवतात, तो पदार्थ मोकळ्या क्लोरीनने झिजतो. सिंगापूरमध्ये २००३ पासून ‘न्यूवॉटर’ या नावाने सांडपाण्यापासून उच्च प्रतीचे पाणी तयार केले जाते. तेथे क्लोरीन व अमोनिया यांच्या संयोगाने बनणारे सौम्य क्लोरामाइन वापरतात, म्हणजे जिवाणूंची वाढ दबते आणि पटलही वाचते.

त्यामुळे खरा मार्ग जिवाणूंच्या संहाराचा नसून त्यांना आवरून ठेवण्याचा आहे. गाळाच्या टाकीत पटलांच्या खालून हवेचे मोठे बुडबुडे सोडून तंतू हलते ठेवले जातात, काही मिनिटे पाणी ओढल्यावर थोडा वेळ पटलाला विश्रांती दिली जाते किंवा उलट दिशेने पाणी सोडले जाते, ठरावीक दिवसांनी सोडियम हायपोक्लोराइटने सेंद्रिय थर आणि सायट्रिक आम्लाने क्षारांचा थर उतरवला जातो, आणि वर्षातून एकदोनदा पटले दीर्घकाळ भिजवून धुतली जातात. आरओच्या आधी पाण्यातील सहज पचणारे सेंद्रिय द्रव्य कमी करणे, म्हणजे जिवाणूंना उपाशी ठेवणे, हाही तितकाच महत्त्वाचा भाग आहे. सोल राष्ट्रीय विद्यापीठातील चुंग-हाक ली यांच्या गटाने तर जिवाणूंच्या संकेतांवरच उपाय शोधला: संकेताचे रेणू तोडणारे ऱ्होडोकॉकस जातीचे जिवाणू छिद्रयुक्त वेष्टनात बंद करून टाकीत ठेवले असता बाकीच्यांना आपली दाटी कळत नाही आणि पटलावरचा थर उशिरा धरतो. पाणी स्वच्छ करण्याचे त्यांचे मूळ काम मात्र चालू राहते.

महाराष्ट्रात या तंत्राचा अनुभव नवा नाही. मुंबईत तुर्भे येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स हा कारखाना गेल्या दोन दशकांहून अधिक काळ महापालिकेचे मैलापाणी घेऊन, ते जिवाणूंकडून व नंतर आरओ पटलांकडून शुद्ध करून आपल्या कामासाठी वापरत आला आहे. मैलापाण्यावर पटले चालवणे आपल्याकडे शक्य आहे, हे त्यावरून सिद्ध होते. मात्र कारखान्याला पाण्याची गरज रोजची असल्यामुळे पटले धुण्याचा खर्च तो उत्पादनाचाच भाग मानतो, ही गोष्टही ध्यानात घ्यावी लागते.

पुण्यात जपानी अर्थसाहाय्याच्या योजनेतून ११ केंद्रे आणि दिवसाला ३९ कोटी ६० लाख लिटरांची क्षमता मंजूर झाली, तिचे मोजमाप बहुधा क्षमतेच्या आकड्यांत होते. केंद्र पटलांचे असो वा साध्या गाळाचे, त्याची खरी क्षमता जिवाणूंची रोजची निगा किती राखली जाते यावर ठरते. हवेच्या पंपाची वीज, सफाईची रसायने, जीर्ण पटले बदलण्याची तरतूद आणि दाबमापक वाचून वेळीच पाण्याची ओढ कमी करणारा जाणता कर्मचारी यांपैकी एकाचीही कमतरता पडली की कागदावरची क्षमता पाण्यात उतरत नाही. ही उणीव शहराला लवकर जाणवत नाही, कारण त्याचे पाणी पुढे निघून गेलेले असते. ती प्रथम दिसते ती कालव्याच्या खालच्या अंगाला, जेथे शेतकरी ठिबकच्या नळीचे टोक उघडतो आणि आधी काळपट बुळबुळ बाहेर पडते व त्यानंतर पाणी येते. केंद्राच्या कामाची तपासणी म्हणूनच केंद्राच्या फाटकाशी थांबू नये. कालव्याच्या शेवटच्या टप्प्यावर येणारे पाणी नियमित तपासले जावे आणि त्याचे निष्कर्ष ते पाणी घेणाऱ्या गावांना कळावेत, हा त्या गावांचा रास्त हक्क आहे.