अडकलेलं दार काय सांगतं?

तुमच्या घरात एखादं हट्टी दार आहे का? बहुतेक घरांत असतं. थंडीत ते गुपचूप लागतं आणि मे महिना आला की चौकटीला घासायला लागतं. खांदा लावून ढकलावं लागतं, कडी जागेवर बसत नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, “दार फुगलंय!”

पावसाळ्यात दार फुगतं हे आपण ऐकलेलं असतं. पण उन्हाळ्यात? उन्हात कपडे वाळतात, पापड वाळतात. मग लाकूडही वाळायला हवं, आकसायला हवं आणि दार उलट सैल व्हायला हवं. तरी ते अडकतं. असं का?

उत्तर शोधायला आधी एक काम करा. दार लावा आणि दार व चौकट यांच्यामधली फट नीट बघा. सुतारकाका ती मुद्दाम ठेवतात आणि ती साधारण ३ मिलिमीटरची असते. एरवी भिंत किंवा जमीन यांत ३ मिलिमीटरचा फरक पडला तर आपल्याला पत्ताही लागत नाही. दाराला मात्र लगेच कळतो, कारण त्याच्याकडे जागाच तेवढी असते. म्हणून अडकलेलं दार बिघडलेलं असतं असं नाही. आजूबाजूला काहीतरी हललंय, एवढं ते सांगत असतं. काय हललंय ते मात्र आपण शोधायचं.

पाणी पिणारं लाकूड

झाड तोडलं, फळ्या पाडल्या, रंधा मारला, पॉलिश केलं, तरी लाकडाची पाणी पिण्याची सवय जात नाही. सूक्ष्मदर्शकाखाली लाकूड म्हणजे बारीक बारीक नळ्यांची बांधलेली मोळी दिसते. या नळ्यांच्या भिंती हवेतली वाफ शोषून घेतात आणि जाड होतात. हवा कोरडी झाली की वाफ परत सोडतात आणि पातळ होतात. दार हे काम वर्षभर, रात्रंदिवस करत असतं.

गंमत अशी, की नळीची भिंत जाड होते, पण नळी लांब होत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून २ मीटर उंचीचं दार उंचीत जेमतेम एखादा मिलिमीटर वाढतं. सगळा फरक पडतो रुंदीत.

किती पडतो? हिशोब करू. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या ५-६ टक्के पाणी उरतं. कोकण किनाऱ्यावर भर पावसाळ्यात ते १६-१७ टक्क्यांच्या आसपास जातं. एवढ्या फरकाने ९० सेंटिमीटर रुंदीची सागाची सलग फळी ८ ते १६ मिलिमीटर रुंद होऊ शकते. फळी खोडातून कशी कापली आहे त्यावर नेमका आकडा ठरतो. आणि फट किती? ३ मिलिमीटर! सलग फळ्यांचं दार पावसाळ्यात उघडणारच नाही.

हे आपल्या सुतारांना फार आधीपासून माहीत आहे. पॅनेलचं दार बघा. चारी बाजूंना जाड पट्ट्या आणि मध्ये पातळ फळी. ती मधली फळी पट्ट्यांच्या खाचेत नुसती सरकवलेली असते, सरस लावून चिकटवलेली नसते. ती फुगली की खाचेत आत सरकते, आकसली की बाहेर येते. बाहेरच्या मापात धरायच्या फक्त दोन उभ्या पट्ट्या. त्या प्रत्येकी १० सेंटिमीटरच्या असल्या, तर वाढ होते २-३ मिलिमीटर, म्हणजे फटीत कशीबशी मावेल इतकी. किती विचार केलाय बघा त्या साध्या दारामागे!

बैलगाडीच्या चाकाची हुशारी

लाकूड ओलं झालं की वाढतं. लोखंड तापलं की वाढतं. हे दोन्ही नियम एकाच वस्तूत बघायचे असतील तर जुन्या बैलगाडीचं चाक बघा. लाकडी चाकावर लोखंडाचा पट्टा असतो, त्याला धाव म्हणतात. लोहार ही धाव चाकापेक्षा थोडी लहान करतो. मग ती लालभडक तापवतो. तापून ती मोठी झाली की चाकावर चढवतो आणि लगेच पाणी ओततो. निवताना धाव आकसते आणि सगळे आरे घट्ट आवळून धरते.

पण कडक उन्हाळ्यात लाकूडच सुकून बारीक होतं आणि धाव ढिली पडते. मग गाडीवान चाक पाण्यात भिजत ठेवतो. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि धाव पुन्हा घट्ट बसते.

सीवूड्सचा उन्हाळा किती कोरडा?

आता नवी मुंबईतल्या सीवूड्सला येऊ. पाम बीच रोड ओलांडला की तिवरं, तळी आणि पलीकडे खाडी. फ्लेमिंगो बघायला लोक इथे येतात. पाणी इतकं जवळ असल्यावर हवा कोरडी राहणार कशी?

काही दिवस मात्र ती खरंच कोरडी होते. मार्च-एप्रिलमध्ये कधी कधी वारा जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून वाहतो आणि समुद्रावरचा वारा यायला उशीर होतो. तेव्हा मुंबई परिसर भाजून निघतो. १४ एप्रिल १९५२ ला सांताक्रूझला ४२.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. अशा दिवसांत ओठ सुकतात आणि दारंही सुकतात.

मे महिन्यात पारा बहुधा ३३-३४ अंशांवर असतो, पण घामाच्या धारा लागतात. कारण आता वारा समुद्रावरून येतो आणि सोबत वाफ आणतो. घाम वाळत नाही, तसं लाकूडही वाळत नाही. उलट मार्चमध्ये सुकलेलं दार मेमध्ये पुन्हा वाफ प्यायला लागतं. म्हणजे सीवूड्समध्ये मे महिन्यात अडकणारं लाकडी दार उन्हाने नाही, तर खाडीवरच्या दमट हवेने अडकलेलं असू शकतं. ११ जूनच्या सुमारास मुंबईत पाऊस पोचतो आणि मग तर काही बोलायलाच नको.

एसीच्या खोलीचं दार आणखी वेगळं वागतं. एसी हवा थंड करतो आणि तिच्यातलं पाणीही काढून घेतो. तेच पाणी पाइपातून बाहेर ठिबकताना दिसतं. त्यामुळे दाराची आतली बाजू कोरड्या हवेत आणि बाहेरची दमट हवेत राहते. बाहेरची बाजू जास्त फुगली की दाराला बाक येतो. मग दार मध्यभागी नीट लागतं, पण वरचा नाहीतर खालचा कोपरा चौकटीला टेकत नाही आणि लॅच बसत नाही.

बाथरूमच्या दाराला मात्र बऱ्याच फ्लॅटमध्ये ग्रॅनाइटची चौकट असते आणि दार पीव्हीसीचं. दोघंही पाणी पीत नाहीत. पण प्लास्टिक तापलं की चांगलंच वाढतं.

तापणारं दार

बाहेरचं लोखंडी सेफ्टी डोअर पश्चिमेकडे असेल तर दुपारी त्याला हात लावून बघा. जपून हं, चटका बसेल! २ मीटर लांबीची लोखंडी पट्टी २५ अंशांनी तापली तर सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते. बाल्कनीच्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या दाराची पट्टी त्याच्या दुप्पट, म्हणजे १ मिलिमीटरहून जास्त वाढते. खाचेत धूळ साठली असेल तर तेवढ्यानेही दार कुरकुरतं.

ही वाढ कमी वाटते, पण ऊन दाराच्या एकाच बाजूला लागतं. बाहेरचा पत्रा तापून वाढतो, आतला तितका वाढत नाही आणि दार बाहेरच्या बाजूला किंचित वाकतं. संध्याकाळी गार झालं की पुन्हा सरळ! दुपारी अडकणारं आणि रात्री सहज लागणारं दार दिसलं, तर ही ओळख लक्षात ठेवा.

सुकलेलं लाकूडही दार अडकवतं

आता खऱ्या कोरड्या उन्हाळ्याकडे जाऊ. सुट्टीत सीवूड्सहून अकोल्याला आजीकडे गेलात तर तिथली हवा किती वेगळी असते! तिथे ओला टॉवेल बघता बघता वाळतो. मग तिथे लाकडी दारं अडकायलाच नकोत. तरीही अडकतात, आणि त्याची तीन कारणं असू शकतात.

पहिलं कारण बिजागरीत आहे. लाकूड सुकलं की स्क्रूची भोकं सैल होतात. वरची बिजागरी जरा सुटली की दार आपल्याच वजनाने कलतं. त्याचा कडीकडचा कोपरा खाली येतो आणि फरशीला घासतो. दार आकसलेलं असतं, पण अडकतं.

दुसरं कारण कूलर! कूलर पाण्याने भिजलेल्या वाळ्याच्या पडद्यांतून हवा ओढतो. खोली गार होते, पण दमटही होते. बाहेर सगळं वाळत असताना त्या एका खोलीतलं दार आरामात पाणी पिऊन फुगू शकतं.

तिसरं कारण सगळ्यात मोठं आहे. ते दारात नाही, चौकटीतही नाही. ते जमिनीत आहे.

जेव्हा जमीनच आकसते

महाराष्ट्राचा मोठा भाग ज्वालामुखीच्या खडकाचा, म्हणजे बेसॉल्टचा बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. तो खडक झिजून झिजून काळी कापसाची माती तयार झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे असतात आणि पाणी थेट पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं. पावसाळ्यात माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून जातं, माती आकसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात या मातीचे थर फार खोल आहेत. अशा मातीवर उथळ पाया घातला तर उन्हाळ्यात काय होईल, विचार करा. घराच्या कडेची माती ऊन लागून लवकर सुकते. घराच्या मधल्या भागाखालची माती सावलीत असते, ती ओलसर राहते. एक कोपरा किंचित खचतो, दुसरा तिथेच राहतो. चौकट आयताकृती राहत नाही, तिरकी होते. दार बिचारं आयतच असतं. तिरक्या चौकटीत सरळ दार बसणार कसं? अशा वेळी चौकटीच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरपी भेगही गेलेली दिसते.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. १९७६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये मोठा दुष्काळ पडला. लंडनच्या खाली चिकणमाती आहे. ती सुकून आकसली आणि असंख्य घरांना तडे गेले. झाडांची मुळं पाणी ओढत होती, तिथे माती आणखी सुकली.

यावर आपल्याच देशात एक छान उपाय निघाला. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी खास खांबांचा पाया विकसित केला. जमिनीत खोल भोक पाडायचं, त्याचा तळ घंटेसारखा रुंद करायचा आणि त्यात काँक्रीट भरायचं. वरची माती ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते, पण खोलवर फारसा बदल होत नाही. घर त्या खोल, स्थिर मातीला धरून उभं राहतं.

मग सीवूड्सची जमीन? दारावे, करावे या गावांच्या आसपासची ही खाडीकाठची जमीन. इथली चिकणमाती मऊ आहे, पण पाणी जवळ असल्याने खोलवर ती सुकत नाही. शिवाय अशा जागी उंच इमारत बांधताना तिचं वजन वरच्या मातीवर सोडत नाहीत, खाली भक्कम थरापर्यंत पाया नेतात. म्हणून सीवूड्समधल्या उंच इमारतीत दार अडकलं तर आधी हवेवर, उन्हावर आणि बिजागरीवर संशय घ्या. अकोल्यातल्या जुन्या बैठ्या घरात अडकलं तर जमिनीवरही घ्या.

करून बघा

१. दार कुठे घासतं ते शोधा. दाराच्या कडेला खडू लावा आणि दार लावून उघडा. चौकटीवर खडू जिथे उमटला, तिथे घासतंय. सगळ्या कडेवर उमटला तर दार फुगलंय. फक्त एका कोपऱ्यात उमटला तर बिजागरीचे स्क्रू आधी तपासा.

२. चौकट तिरकी झाली का ते बघा. एक दोरी घ्या. चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत ताणा आणि तिथे गाठ मारा. मग तीच दोरी दुसऱ्या दोन कोपऱ्यांत ताणा. आयताचे दोन्ही कर्ण सारखे असतात. गाठ बरोबर कोपऱ्यावर आली नाही तर चौकट तिरकी आहे. मोठ्यांना सांगा आणि भिंतीवर नवीन भेग आहे का तेही बघा.

३. फटीची वही ठेवा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कडीजवळच्या फटीत पत्त्यांच्या कॅटमधली किती पानं मावतात ते मोजा. कोणत्या महिन्यात दमट वाटत होतं, कधी पाऊस पडला, एसी किंवा कूलर चालू होता का, तेही शेजारी लिहा.

ही वही वर्षभर ठेवलीत तर घरच्यांनाही तिचा उपयोग होईल. दार अडकलं की “रंधा मारून टाका” असं लगेच म्हणायची सवय असते. पण पावसाळ्यात फुगलेलं दार तेव्हाच्या मापाने रंधलं, तर पुढच्या मार्चमध्ये त्याला नको एवढी फट पडते, आणि कापलेलं लाकूड परत जोडता येत नाही. थोडं थांबलं तर बरीच दारं आपोआप मोकळी होतात. खरंच रंधायची वेळ आली तर वहीतल्या सगळ्यात कोरड्या आणि सगळ्यात दमट महिन्याचे आकडे सुतारकाकांना दाखवा. किती काढायचं ते त्यांना नेमकं कळेल. आणि एक गोष्ट त्यांना आठवणीने सांगा: दाराची वरची आणि खालची कड रंगवायची. तिथे नळ्यांची तोंडं उघडी असतात आणि सगळ्यात जास्त पाणी तिथूनच आत शिरतं.