पोत्याचे वजन आणि कण्यावरचा भार

50 किलोचे पोते जमिनीवरून उचलताना कमरेच्या मणक्यांमधल्या गादीवर त्याच्या दहापट दाब येतो. लातूरच्या आडत बाजारात किंवा नांदेडच्या मोंढ्यात काट्यावर दिसणारा आकडा आणि हमालाच्या पाठीला सोसावा लागणारा भार यांत एवढे अंतर आहे.

कारण तरफेचे. पोते कण्यापासून 40 सेंमी पुढे असते, तर कण्यामागचे स्नायू जेमतेम 6 सेंमीवर. वाकलेले धड, डोके व हात मिळून 35 किलो 20 सेंमीवर धरल्यास स्नायूंना (50×40 + 35×20) ÷ 6, म्हणजे 450 किलोचा ताण द्यावा लागतो. कण्याच्या दिशेने येणारा वजनाचा वाटा धरून एकूण दाब 510 किलोच्या आसपास जातो. अमेरिकेच्या ‘नायॉश’ संस्थेने 1981 मध्ये सावधगिरीची मर्यादा ठरवली ती 3400 न्यूटनांची, म्हणजे सुमारे 350 किलोंची.

हा हिशेब एकच स्नायू मानून केलेला आहे. प्रत्यक्षात पाठीचे व पोटाचे अनेक स्नायू एकाच वेळी ओढतात. अज्ञाते पुष्कळ, समीकरणे मोजकी. काही संशोधक शरीर कमीत कमी श्रमाचा मार्ग निवडते असे मानून भार वाटून देतात. काही त्वचेवर इलेक्ट्रोड लावून स्नायूंचे विद्युत्संकेत मोजतात. दुसरी रीत हमालाच्या कामाला अधिक जुळते. पोते घसरू लागले की पोटाचे व पाठीचे स्नायू एकमेकांविरुद्ध आवळतात आणि भार वाढतो. श्रम वाचवण्याच्या गृहीतकात ही वाढ निसटते.

खरी कसोटी गादीच्या आत सुई घालूनच लागते. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी 1960 च्या दशकात ती वाट पाडली. 1999 मध्ये जर्मनीतल्या उल्मच्या विल्के व सहकाऱ्यांनी एका 45 वर्षांच्या अस्थिशल्यविशारदाच्या गादीत दाबमापक बसवल्याची नोंद प्रसिद्ध केली. सैल उभे असताना दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 5 किलो. 20 किलो वजन पाठ वाकवून उचलताना 23, गुडघे वाकवून 17, वजन अंगालगत धरल्यावर 11. प्रयोग एकाच माणसावरचा, तरी सगळ्या गणितांना तो आजही आधार देतो.

‘गुडघ्यात वाका’ हा उपदेश त्यामुळे खरा, पण अपुरा. तेच 50 किलोचे पोते कमरेएवढ्या ओट्यावरून, जवळजवळ ताठ उभे राहून, 25 सेंमीवर धरून उचलले तर वरच्याच पद्धतीने दाब 320 किलोच्या घरात येतो. जमिनीवरूनच उचलायचे असेल तर पोते 25 किलोचे हवे. तेव्हा दाब सुमारे 325 किलो भरतो. झटका आणि थप्पी लावताना बसणारा पीळ यात धरलेला नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 च्या शिफारशीत पुरुषासाठी 55 किलोची कमाल मर्यादा सुचवली. महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कायदा केला. त्याने मजुरी व कल्याणाची घडी बसवली. पाठीचे रक्षण मात्र पोत्याचे वजन आणि ओट्याची उंची यांवर ठरते. या दोन्ही गोष्टी हमालाच्या हातात नसतात. त्या बाजार समिती आणि व्यापाऱ्यांनीच बदलायला हव्यात.