थेंबांच्या वाटेने कणांचा शोध

अणुबल सूक्ष्मदर्शकातून मिळणारी प्रतिमा हे छायाचित्र नसून पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदूची उंची नोंदवणारा नकाशा असतो. त्यात पातळ थरातले कण, म्हणजे सूक्ष्म उंचवटे, एकमेकांना चिकटून उभे असले, तर एक उंची ठरवून तिच्यावरचे सारे कण मानण्याची सोपी रीत अपुरी पडते, कारण ठेंगणे कण सुटतात आणि उंच शेजारी एकत्र मोजले जातात.

यावरचा उपाय भूगोलातून आला. महाबळेश्वरच्या माथ्यावर पडलेले पावसाचे पाणी पूर्वेकडे कृष्णेला मिळते, तर पश्चिमेकडे उतरलेले सावित्रीला. त्यांना वेगळे करणाऱ्या कड्याला जलविभाजक म्हणतात. प्रतिमेत अशाच रेषा शोधण्याची पद्धत सर्ज ब्यूशे आणि क्रिस्तियाँ लांत्युएजूल यांनी १९७९ मध्ये फ्रान्समध्ये मांडली.

चेक प्रजासत्ताकात विकसित झालेल्या ‘ग्विडियन’ या मुक्त संगणकप्रणालीत ही पद्धत दोन टप्प्यांत चालते. नकाशा उलटा केला की कणांचे माथे खड्डे होतात. मग प्रत्येक बिंदूवर सोडलेला आभासी थेंब सर्वांत तीव्र उताराने खाली जाऊन खड्ड्यात साचतो आणि तळी तयार होतात. पहिल्या टप्प्यात, म्हणजे कण हेरताना, थेंबाचा आकार आणि फेऱ्यांची संख्या यांवरून किती पाणी साचणार हे ठरते. पाणी कमी पडले तर एकाच माथ्यावरच्या बारीक खाचाखोचा स्वतंत्र तळी ठरून कणाचे तुकडे पडतात, आणि जास्त झाले तर शेजारची तळी एकमेकांत मिसळतात. दुसऱ्या टप्प्यात याच तळ्यांभोवती कणांच्या सीमा आखल्या जातात.

सर्वाधिक विचार मागणारी मांडणी (सेटिंग) म्हणजे किमान आकाराची मर्यादा, जिच्याहून लहान तळी पहिल्या टप्प्याअखेर गाळली जातात. ती पिक्सेलमध्ये, म्हणजे प्रतिमेच्या घटक चौकोनांत, मोजली जात असल्यामुळे तिचा खरा अर्थ प्रतिमेगणिक बदलतो, आणि नेमके हेच घाईत विसरले जाते. एक मायक्रोमीटर बाजूच्या, ५१२ गुणिले ५१२ पिक्सेलच्या प्रतिमेत २० पिक्सेलचे तळे सुमारे १० नॅनोमीटर व्यासाच्या वर्तुळाएवढे असते. पाच मायक्रोमीटर बाजूच्या प्रतिमेत तेच सुमारे ५० नॅनोमीटरचे होते. म्हणून एका प्रतिमेवर जुळवलेला आकडा दुसरीवर जसाच्या तसा वापरणे ही गंभीर चूक आहे.

चुकीच्या मांडण्यांची किंमत निष्कर्षाला मोजावी लागते, कारण समान आकाराचे दोन गोल कण एक धरले गेले, तर त्या एका कणाचा समतुल्य व्यास, म्हणजे तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाचा व्यास, सुमारे ४१ टक्क्यांनी वाढलेला दिसतो. त्यामुळे नकाशाचा कल आधी सपाट करून, मर्यादा थोडी वरखाली केल्यावर कणसंख्या स्थिर राहते का हे पाहावे, आणि निवडलेल्या मांडण्या सरासरी आकारासोबतच नोंदवाव्यात.