नदीकाठची चढाओढ

स्पर्धा हा निसर्गाचा नियम आहे. पाणी जसे उताराकडे धावते, तशी मजुरीही मागणी-पुरवठ्याच्या उताराने आपली पातळी गाठते. तिला बांध घालणे हा वेडेपणा होय. हा युक्तिवाद वाटाघाटींच्या टेबलावर आम्ही गेली तीस वर्षे ऐकत आलो आहोत. ऐकायला तो मोठा शास्त्रशुद्ध वाटतो. परंतु आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झालेले असल्यामुळे, कोणताही सिद्धांत हकीकतीवर घासून पाहिल्याशिवाय पदरात घ्यायचा नाही, अशी आम्हाला खोड लागली आहे. उपमा पाण्याची दिली जाते, तेव्हा ती नदीकाठच्या एका शहरावरच घासून पाहू. ते शहर म्हणजे थेम्सकाठचे लंडन.

थेम्स ही भरती-ओहोटीची नदी. लंडन पुलापाशी तिची पातळी सहा-सात मीटरपर्यंत चढते आणि पुन्हा उतरते. पूर्वी जहाजांना भर पात्रात नांगर टाकून पडावांवर माल उतरवावा लागे. खोळंबा होई, चोऱ्या होत. म्हणून दरवाजांनी पाणी अडवून धरणाऱ्या गोद्या बांधण्यात आल्या. 1802 साली वेस्ट इंडिया गोदी सुरू झाली. चढाओढ हा जर निसर्गनियम, तर या कंपनीने पार्लमेंटकडून काय मिळवले? त्या बेटांच्या व्यापाराचा 21 वर्षांचा मक्ता! 1805 सालच्या लंडन गोदीलाही मद्य, तंबाखू व तांदूळ यांचा तसाच मक्ता मिळाला. मक्त्यांची मुदत सरल्यावर, 1828 साली, सेंट कॅथरिन गोदी उघडली. तिच्या जागेसाठी सुमारे 11 हजार माणसांना घराबाहेर काढण्यात आले. मग कंपन्यांत खरी चढाओढ जुंपली. एकीने मोठी गोदी बांधली की दुसरीने त्याहून मोठी बांधावी. त्यातच कायद्याने पडावांना गोदीत शुल्क न देता शिरता येई. जहाजाच्या कुशीतून माल उचलून ते खाजगी धक्क्यांवर नेत आणि गोदी-कंपनी पाहत राही. 1886 साली एका कंपनीने नदीमुखाकडे टिलबरी येथे गोदी काढली आणि दोन वर्षांत ती दिवाळखोरीच्या दारी आली. अखेर 1909 साली या गोद्या ‘पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटी’ या सार्वजनिक मंडळाच्या हाती गेल्या. वरच्या मजल्यावरच्या मंडळींना चढाओढ सोसेनाशी झाली तेव्हा कायद्याने बांध घातला गेला, आणि त्याला वेडेपणा कोणी म्हटले नाही.

आता खालच्या मजल्यावर येऊ. एकोणिसाव्या शतकात या गोद्यांच्या फाटकांवर सकाळी शेकडो माणसे गोळा होत. मुकादम बाहेर येई आणि गर्दीतून बोटाने माणसे निवडी. काम कधी दिवसाचे, कधी एक-दोन तासांचेच. लोक एकमेकांच्या खांद्यांवरून चढून पुढे घुसत. कपडे फाटत, हाडे मोडत. मुकादमाला संरक्षण हवे म्हणून एके ठिकाणी लोखंडी गजांचा कठडा केला होता, त्याला मजूर ‘पिंजरा’ म्हणत. दर तासाला 5 पेन्स. हा दर पाडायला मालकाला वेगळे काही करावे लागत नसे; आत निवडलेल्यामागे बाहेर उरलेला उपाशी माणूस उभा आहे, एवढे पुरे होते.

याच नदीवर आणखी एक चढाओढ आहे. डॉगेट नावाच्या नटाने 1715 साली होडीवाल्यांची शर्यत सुरू केली, ती आजही चालू आहे. नुकतीच उमेदवारी पुरी केलेले तरुण होडीवाले लंडन पुलापासून चेल्सीपर्यंत होड्या वल्हवतात; जिंकणाऱ्यास अंगरखा आणि चांदीचा बिल्ला मिळतो. सर्वांना पाणी एकच, अंतर एकच. मुख्य गोष्ट ही की, हरलेल्याचा परवाना जात नाही. दुसऱ्या दिवशी तो आपल्या कामावर जातो. फाटकावरचा हरलेला मात्र त्या रात्री जेवत नाही. दोन्हींना आपण ‘स्पर्धा’ हा एकच शब्द लावतो, आणि सारा घोटाळा तेथेच होतो. पहिली ती शर्यत. दुसरा तो भुकेचा लिलाव.

कोणी म्हणेल, मजुराचे सोडा, पण ग्राहकाचे चढाओढीने कल्याणच होते. होते, पण काय निवडतो आहोत हे त्याला दिसत असेल तर. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्याखालून जात. एका घरात एकीचे पाणी, शेजारच्या घरात दुसरीचे. लँबेथ कंपनीने 1852 साली आपले पाणी शहराच्या घाणीच्या वर, नदीच्या वरच्या अंगास घेण्यास आरंभ केला होता; साउथवर्क-व्हॉक्सहॉल कंपनी घाण मिसळलेलेच पाणी देत होती. 1854 साली पटकीची साथ आली, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी घरोघरची नोंद घेतली. पहिल्या सात आठवड्यांत दर 10 हजार घरांमागे पहिलीच्या ग्राहकांत 37 मृत्यू, तर दुसरीच्या ग्राहकांत 315! चढाओढ होती, पण ती ग्राहकाला वाचवू शकली नाही. आकडे मांडले गेले, मैलापाण्याचे मोठे बंदिस्त नळ घातले गेले आणि 1902 सालच्या कायद्याने पाणीपुरवठा सार्वजनिक झाला, तेव्हा कोठे शहर सावरले.

फाटकावरचा लिलाव मोडला तो 1889 सालच्या संपाने. 14 ऑगस्टला संप सुरू झाला. मागण्या साध्या होत्या: तासाला 5 ऐवजी 6 पेन्स, आणि कामावर घेतले तर निदान चार तासांचे काम. बेन टिलेट, टॉम मान, जॉन बर्न्स हे पुढारी. रोज मिरवणुका निघाल्या, पण मिरवणुकांनी पोट भरत नाही. संप मोडतो असे वाटत असताना ऑस्ट्रेलियातील कामगारांकडून व जनतेकडून पैसा आला. तो 30 हजार पौंडांवर गेला. कार्डिनल मॅनिंग यांनी मध्यस्थी केली आणि महिन्याभराने 6 पेन्स मान्य झाले. त्या पैशाने काय विकत घेतले? थांबण्याची शक्ती. एरवी जहाज एक दिवस थांबू शके, भूक थांबू शकत नसे. त्या महिन्यात भुकेला थांबता आले आणि जहाजाला थांबणे जड गेले. आमच्या मते स्पर्धेचे मर्म येथे आहे. कोण अधिक लायक, यापेक्षा कोण अधिक थांबू शकतो, यावर सौदा ठरतो.

पुढे 1947 साली गोदी कामगारांची नोंदणी होऊन काम नसलेल्या दिवसाचीही किमान रक्कम मिळू लागली. 1967 साली ते कायम झाले. मात्र येथे एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्याच सुमारास लोखंडी पेट्यांतून, म्हणजे कंटेनरांतून, मालाची वाहतूक सुरू झाली. मोठ्या जहाजांना खोल पाणी हवे होते, माणसे थोडी लागत होती, आणि फेलिक्सस्टोसारखे बंदर नोंदणी-योजनेच्या बाहेर होते. 1967 ते 1981 या काळात लंडन शहरातल्या जुन्या गोद्या एकामागून एक बंद पडल्या. 1989 साली योजनाही रद्द झाली. वेस्ट इंडिया गोदीच्या जागी आज कॅनरी व्हार्फच्या बँकांचे मनोरे उभे आहेत. यंत्राला दोष देऊन भागत नाही. एका फाटकावर बांध घातला तर चढाओढ दुसऱ्या फाटकावर जाते. म्हणून बांध बाजारपेठेइतकाच लांब हवा.

ही गोष्ट परक्या नदीची म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडेही 1948 साली गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा झाला. आणि लंडनची योजना रद्द झाली त्याच 1989 साली मुंबईसमोर खाडीपलीकडे न्हावाशेवा बंदर सुरू झाले. आज आपल्या शहरांच्या नाक्यांवर सकाळी रंगारी, गवंडी, बिगारी उभे असतात, ते फाटकच होय. घरपोच माल पोचवणाऱ्या तरुणांचे फाटक तर त्यांच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. तेथे मुकादमाचे बोटही दिसत नाही.

तेव्हा कोणी स्पर्धेचे गुणगान करू लागला, तर त्याच्याशी भांडू नये. तीन प्रश्न मात्र विचारावेत. सर्वांना पाणी आणि अंतर एकच आहे काय? निवडणाऱ्याला आपण काय निवडतो ते दिसते काय? आणि हरलेला मनुष्य रात्री जेवतो काय? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर खुशाल शर्यत लावावी. आम्हीही काठावर उभे राहून टाळ्या वाजवू. एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर तो निसर्गाचा नियम नव्हे. तो माणसांनी केलेला नियम आहे, आणि माणसांनी केलेला नियम माणसांना बदलता येतो.