गिर्यारोहकाचा दोर : एक शास्त्रीय विचार

स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत दोरासारख्या सामान्य वस्तूवर लेख असावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु पोहऱ्याला बांधावयाचा दोर आणि कड्यावर चढणारा माणूस कमरेला बांधतो तो दोर, या दिसावयास सारख्या वस्तूंची कामे अगदी भिन्न आहेत. हा भेद शालेय पदार्थविज्ञानाने समजतो. तो न समजल्यास प्राणावर बेतू शकते. बेळगावहून पारगड, कलानिधीगड, महिपाळगडाकडे मुले जातात आणि त्यांतील काही पुढे प्रस्तरारोहणाकडे वळतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या पालकांसाठी मी हा विषय निवडला आहे.

१४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर व त्याचे सहा सोबती आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखरावर प्रथमच पोहोचले. उतरताना त्यांतील एक नवखा गिर्यारोहक घसरला. त्याच्यासह आणखी तिघे ओढले गेले आणि या चौघांना वरच्या तिघांशी जोडणारा दोर तुटला. चौघेही मृत्युमुखी पडले. त्या दोराचा तुकडा झरमॅट येथील संग्रहालयात आजही पाहावयास मिळतो. तो दोर त्यांच्याजवळच्या दोरांत सर्वांत कमकुवत होता, हे खरे. तथापि त्या काळच्या उत्तम दोरांतही एक उणीव होतीच. वनस्पतिजन्य तंतूंचे ते दोर स्थिर वजन चांगले पेलत, पण झटका बसताच फारसे ताणले जात नसत. म्हणूनच, पुढे चढणाऱ्याने पडावयाचेच नाही, असा दंडक गिर्यारोहकांत रूढ झाला होता.

हा दंडक का पडला, ते एका उदाहरणाने पाहू. ८० किलोग्रॅम वजनाचा आरोहक आपल्या आधारबिंदूच्या २ मीटर वर असताना त्याचा हात सुटला, असे समजा. तो बिंदूपर्यंत २ मीटर व त्याखाली २ मीटर, असा एकूण ४ मीटर पडेल आणि मग दोर ताठ होईल. पडताना मिळालेली ऊर्जा आता दोराने शोषावयाची आहे. दोर ८० सेंटिमीटर ताणला जाऊन तो थांबला, तर त्याच्यावरील सरासरी बल त्याच्या वजनाच्या ६ पट, म्हणजे ४८० किलोग्रॅम वजनाइतके होते. दोर केवळ ८ सेंटिमीटर ताणला गेला, तर तेच बल ५१ पट, म्हणजे ४,०८० किलोग्रॅम वजनाइतके होईल. क्षणभराचे कमाल बल तर सरासरीहूनही अधिक असते. दोर तुटला नाही, तरी असा झटका माणसाचे शरीर सहन करणार नाही आणि कातळात ठोकलेली मेखही उपटून येईल.

यातून एक चमत्कारिक वाटणारा निष्कर्ष निघतो. आरोहक त्याच ४ मीटरांनी पडला, पण त्या वेळी २० मीटर दोर सोडलेला असला, तर दोराच्या प्रत्येक मीटरच्या वाट्याला एकदशांशच ऊर्जा येते. पडण्याची उंची भागिले दोराची लांबी, या गुणोत्तराला गिर्यारोहक ‘फॉल फॅक्टर’ म्हणतात. पहिल्या प्रसंगी ते २ आहे, तर दुसऱ्या प्रसंगी अवघे ०.२. म्हणूनच दोर सांभाळणाऱ्या सोबत्याला सोडून वर निघाल्यावरचे, वाटेत पहिली मेख लागेपर्यंतचे काही मीटर अत्यंत धोक्याचे असतात.

या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्राने पुरविले. १९३५ साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांनी नायलॉन तयार केले. दुसऱ्या महायुद्धात त्याचे दोर वापरात आले. नायलॉन बळकट होते आणि ताणलेही जात होते. पण जुन्या पद्धतीने पीळ घातलेला दोर ताण पडताच उलगडू पाहतो, आणि त्यावर लोंबकळणारा माणूस गरगर फिरतो. शिवाय भार पेलणारे तंतूच कातळावर घासले जातात. १९५३ साली जर्मनीतील एडेलरिड या कंपनीने या कामांची विभागणी करणारा दोर बनविला. आतील गाभ्याने भार पेलावयाचा आणि ताणले जावयाचे, तर बाहेरच्या विणलेल्या वेष्टनाने घर्षण सोसावयाचे. गाभ्यातील निम्म्या दोऱ्यांना उजवा व निम्म्यांना डावा पीळ दिला की फिरण्याची प्रवृत्ती परस्परांत विरून जाते.

अशा दोराची परीक्षाही त्याच्या कामाला साजेशीच आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार, एकेरी वापराच्या दोराला ८० किलोग्रॅमचे वजन बांधून ते सुमारे पावणेदोन फॉल फॅक्टरने पाडतात. पहिल्या झटक्यातील कमाल बल १२ किलोन्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे १,२०० किलोग्रॅम वजनापेक्षा, अधिक असता कामा नये. दोर ४० टक्क्यांहून अधिक ताणला जाऊ नये. आणि असे किमान ५ झटके त्याने न तुटता सोसावेत.

फार न ताणला जाणारा ‘स्टॅटिक’ दोर मात्र टाकाऊ नव्हे. कडा उतरताना, दरी ओलांडताना किंवा गुहेत उतरताना तोच सोयीचा, कारण तो रबरासारखा हिंदकळत नाही. सह्याद्रीतील अशा उपक्रमांत तो सर्रास दिसतो. धोका उद्भवतो तो हाताशी आहे म्हणून तोच दोर कमरेला बांधून कोणी कडा चढू लागते तेव्हा. बाजारात मिळणारा, मालमोटारीवर बांधावयाचा दोर तर या दोहोंपैकी कोणत्याही कामाचा नाही.

तेव्हा दोर विकत घेताना ‘किती वजन पेलेल?’ एवढेच विचारून थांबू नये. तो कोणत्या कामासाठी बनविलेला आहे आणि त्यावर मानकाची खूण आहे काय, हे पाहावे. नायलॉनला आम्लाचा स्पर्श घातक, उन्हाने ते क्षीण होते, आणि दोर तुडविल्यास वाळूचे कण आत शिरून तंतू कापतात. मोठा झटका सोसलेला दोर वरून धडधाकट दिसला तरी चढाईसाठी पुन्हा वापरू नये. ज्या शाळेत गिर्यारोहणाचा उपक्रम असेल, तेथे प्रत्येक दोराची स्वतंत्र नोंद असावी : खरेदीची तारीख, वापराचे दिवस आणि सोसलेले झटके. एका शंभरपानी वहीत मावणारे हे काम आहे.