कुंझुमचा खडीचा घाट आणि एकटा वाहनचालक

‘राष्ट्रीय महामार्ग’ हे शब्द उच्चारताच बेळगावहून पुण्याकडे जाणाऱ्या चालकाच्या डोळ्यांपुढे दुभाजक, पांढरे पट्टे आणि थोड्या थोड्या अंतरावरील पेट्रोलपंप उभे राहतात. हिमाचल प्रदेशातील ग्राम्फू येथून कुंझुम खिंड ओलांडून काझाकडे जाणारा रस्ताही कागदोपत्री राष्ट्रीय महामार्गच होय. त्याचा क्रमांक ५०५ असून त्याची देखभाल सीमा रस्ते संघटनेकडे आहे. तथापि ग्राम्फू ते बातल या सुमारे ५० किलोमीटरांच्या टप्प्यात चालकाची गाठ पडते ती मुख्यतः खडी, गोटे, वाळू आणि रस्त्यावरूनच वाहणाऱ्या ओहोळांशी. काही भागांत सुधारणा झाल्या आहेत; परंतु हिमनद्यांचे पाणी आणि दरडी दरवर्षी केलेल्या कामाचा काही हिस्सा परत नेतात. हे अंतर कापण्यास तीन-चार तास लागले तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही.

मे-जून महिन्यांत सुट्टी घेऊन स्वतःच्या मोटारीने किंवा मोटारसायकलने हिमालयाकडे निघणाऱ्यांत गोवा, बेळगाव, इंदूर, वडोदरा येथील मंडळीही असतात, आणि त्यांपैकी काहीजण एकटेच निघतात. चोर्ला, अनमोड किंवा आंबोलीचा घाट पावसाळ्यात अनेकदा उतरलेल्या चालकास आपल्याला घाटाची सवय आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. ती सवय उपयोगी पडते, पण अर्ध्यावर येऊन थांबते. चोर्ला घाटाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे; कुंझुम खिंडीची उंची ४,५५१ मीटर आहे.

खिंड एरवी साधारणतः जून ते ऑक्टोबर या काळात वाहतुकीस खुली असते. मात्र ‘खुली’ याचा अर्थ निर्धोक असा नव्हे. जुलै २०२३ मध्ये ऐन पर्यटनाच्या दिवसांत बर्फवृष्टी झाली आणि खिंडीजवळील चंद्रताल येथे अडीचशेहून अधिक लोक अनेक दिवस अडकून पडले. बर्फ हटवून त्यांना बाहेर काढावे लागले. ते मोठ्या संख्येने एकत्र होते आणि त्यांचा ठावठिकाणा शासनास ठाऊक होता. एकट्या चालकाची गोष्ट निराळी असते. तो वाटेत आहे, हेच मुळी कोणास माहीत नसते.

या मार्गावरील सर्वांत फसवी बाब म्हणजे पाणी. आपल्याकडील ओढे पावसाने चढतात, म्हणून आभाळ निरभ्र असले की चालक निर्धास्त होतो. येथे नेमके उलट घडते. चंद्रा नदीच्या खोऱ्यातील नाले वितळणाऱ्या बर्फावर पोसलेले आहेत. रात्री थंडीमुळे वितळणे मंदावते व पहाटे नाला घोट्याएवढा असतो. ऊन चढले की वरचे बर्फ सुटू लागते, आणि ते पाणी उतरून रस्त्यापर्यंत पोहोचेतो दुपार होते. सकाळी सहज ओलांडलेला नाला दुपारी तीनच्या सुमारास दगड लोटत वाहताना आढळतो. दिवस जितका स्वच्छ, तितका दुपारचा नाला मोठा. सबब पहाटेच निघून नाल्यांचा टप्पा दुपारपूर्वी मागे टाकावा, हा स्थानिक चालकांचा शिरस्ता आहे व त्यामागे हे साधे शास्त्र आहे.

नाल्याशी आल्यावर गाडी थांबवून खाली उतरावे आणि दुसरे एखादे वाहन पलीकडे कसे जाते ते पाहावे. तसे वाहन दिसत नसेल तर वाट पाहावी. या रस्त्यावर वाट पाहणे हे आळसाचे लक्षण नाही. वेगाने वाहणारे सुमारे ३० सेंटिमीटर पाणीही लहान मोटार ढकलून नेण्यास पुरेसे ठरते. पाणी गढूळ असून तळ दिसत नसेल आणि आतून दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर परत फिरावे. ओलांडताना पहिला गिअर, एकसारखी गती आणि मध्ये गिअर न बदलणे एवढे पाळावे. इंजिन पाण्यात बंद पडल्यास ते पुन्हा पुन्हा सुरू करण्याचा खटाटोप करू नये. पाणी आत ओढले जाऊन इंजिन कायमचे निकामी होऊ शकते. पलीकडे गेल्यावर थोडे अंतर ब्रेक हलका दाबून चालावे, म्हणजे ते कोरडे होतात.

खडीवर चाकाची पकड डांबरापेक्षा कमी असते व गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते. वळणावर पोहोचल्यानंतर ब्रेक दाबणारा चालक सरळ दरीच्या बाजूस घसरतो. म्हणून वेग वळणापूर्वीच उतरवावा. अनेक ठिकाणी रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठलेल्या असतात. वेगात जाणारी चाके उसळून आपटत राहिल्याने त्या तयार होतात, आणि त्यांवरून पुन्हा वेगात गेल्यास चाके जमिनीवर कमी व हवेत अधिक राहतात. अशा वेळी सुकाणू फिरवले तरी गाडी वळत नाही.

जेथे दोन वाहने मोकळेपणाने एकमेकांस ओलांडू शकत नाहीत अशा डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्यास वाट द्यावी, असा भारतातील वाहतुकीचा नियम आहे. चढावर थांबलेली गाडी खडीवर पुन्हा हलविणे कठीण, हे त्याचे कारण. एकट्या चालकास येथे एक अडचण विशेष भासते: मागे घेताना चाक कडेपासून किती अंतरावर आहे हे सांगणारे कोणी नसते. तेव्हा प्रत्येक वेळी हातब्रेक लावून उतरावे आणि आपल्या डोळ्यांनी पाहावे. बाहेरची कड भक्कम दिसली तरी तिच्याखालची माती पाण्याने पोखरलेली असू शकते. समोरच्या ट्रकचालकाने हात करून मार्गदर्शन केल्यास ते मानावे. ही वाट त्याच्या नित्याची आहे.

उतारावर इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची खोड आपल्याकडे बरीच रुजली आहे. कुंझुमवरून लोसरकडे किंवा बातलकडे उतरताना ती प्राणघातक ठरू शकते. ज्या गिअरमध्ये चढ चढावा लागला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिन गाडीस रोखून धरते. केवळ ब्रेकवर भार टाकल्यास ते तापतात. ब्रेकच्या तेलाने हवेतील ओलावा शोषला असेल तर ते तेल लवकर उकळते, वाफ धरते आणि पेडल पोकळ होऊन खाली जाते. जुने तेल निघण्यापूर्वी बदलून घेण्याचा खर्च अल्प आहे.

येथवर गाडीचा विचार झाला. परंतु अधिक दुबळे यंत्र सुकाणूमागे बसलेले असते. कुंझुमच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या सुमारे ५७ टक्केच उरतो. साध्या पेट्रोल इंजिनची शक्ती तेथे तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटते, आणि ते गाडी चढेना म्हणून ताबडतोब कळते. माणसाच्या बाबतीत मात्र घट कळण्याचे साधनच, म्हणजे मेंदू, मंदावतो. डोके दुखणे, मळमळ, भूक न लागणे ही उंचीच्या विकाराची प्रारंभिक लक्षणे होत. पुढे तोल जाणे, विसंगत बोलणे आणि विश्रांतीतही धाप लागणे ही गंभीर लक्षणे दिसतात. सोबती असल्यास तो ती ओळखतो. एकट्याने स्वतःची परीक्षा घ्यावी: सपाट जागी एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्यास लावीत सरळ रेषेत दहा पावले चालून पाहावीत. तोल जात असल्यास गाडी चालवू नये, आणि जी मदत मिळेल ती घेऊन कमी उंचीवर जावे. खाली उतरणे हाच खरा उपाय आहे. औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगचा चढ टळला व मोठी सोय झाली. तिच्याबरोबर एक धोकाही आला. सुमारे २,०५० मीटर उंचीवरील मनालीहून पहाटे निघालेला चालक दुपारच्या आत साडेचार हजार मीटर गाठू शकतो, आणि शरीरास सवय होण्यास जो अवधी लागतो तो त्यास मिळत नाही. प्रथमच जाणाऱ्याने शक्य असल्यास उलट दिशा धरावी. सिमला, कल्पा, नाको असे मुक्काम करीत किन्नौरमार्गे काझा गाठले तर उंची टप्प्याटप्प्याने वाढते, आणि कुंझुम वाटेत येते तेव्हा शरीर बरेच सरावलेले असते. दिवस दोन-तीन अधिक लागतात, एवढेच.

मनालीकडून जाणाऱ्याने टाकी तेथेच काठोकाठ भरावी. पुढचा भरवशाचा पंप काझा येथे, सुमारे १८५ किलोमीटरांवर आहे, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी नेहमीपेक्षा बरेच अधिक इंधन पिते. मधल्या निर्जन टप्प्यात दूरध्वनीवर विसंबू नये. निघण्यापूर्वी घरी किंवा मुक्कामाच्या ठिकाणी गाडीचा क्रमांक, मार्ग आणि पोहोचण्याची अपेक्षित वेळ लिहून ठेवावी, व त्या वेळेनंतर किती तासांनी पोलिसांस कळवावे हेही लिहावे. वाटेत बातलच्या ढाब्यावर चहा घ्यावा आणि आपण एकटे असून लोसरकडे जात आहोत हे तेथे सांगावे. बर्फात अडकलेल्या वाटसरूंना या ढाब्यांनी अनेकदा आसरा दिला आहे, आणि पुढच्या घाटाची त्या सकाळची स्थिती नुकत्याच उतरलेल्या चालकांकडून तेथेच कळते.

माथ्यावर कुंझुमदेवीचे मंदिर आहे. येणारी वाहने मंदिरास प्रदक्षिणा घालून पुढे जातात. तेवढ्या वेळात ब्रेक निवतात, टायरमध्ये रुतलेला टोकदार दगड दिसतो आणि लोसरच्या बाजूचे आभाळ पाहता येते. तेथे फार वेळ न थांबता पहिल्या गिअरमध्ये उतरणीस लागावे.